होडीवरचा शिक्का

नदीच्या मोठ्या वळणावर धामणवाडी नावाचं गाव होतं. त्या गावाला पूल नव्हता. होती ती एकच होडी, आणि ती होती गोजराबाईची. नवरा गेल्यापासून वल्हं तिच्याच हातात होतं. अख्खं गाव तिला आक्का म्हणायचं, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. तिच्याशी भांडायला कोणी जात नसे, कारण भांडून परत यायचं तर तिच्याच होडीतून यावं लागायचं.

त्या राज्यात एक पद्धत होती. नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. न्यायाधीश गावात रोज बसत नसत. ते पौर्णिमेला यायचे. मधल्या दिवसांत कुणावर आळ आला तर तो माणूस काही लगेच गुन्हेगार होत नाही. मग त्याला तोवर कोठडीत कशाला सडवायचा? म्हणून दोन जामीनदार उभे राहिले तर त्याला घरी सोडत. जामीनदाराने चावडीवर एवढंच बोलायचं: "याचं नाव पुकारलं की हा इथे उभा असेल. नसला तर मी जबाबदार."

नुसतं तोंडाने बोलून भागत नसे. ज्याच्यावर तुमचं पोट चालतं ती वस्तू जामिनाला लावायची. सुताराचा रंधा, लोहाराचा भाता, ज्याचं जे असेल ते. हवालदार घरी येऊन त्या वस्तूवर तांबड्या लाखेचा शिक्का मारायचा. वस्तू तुमच्याकडेच राहायची, वापरायचीही तुम्हीच. माणूस पौर्णिमेला आला की शिक्का काढायचे. नाही आला तर वस्तू सरकारजमा. मग छाती पिटा, नाहीतर देवाला नवस बोला. आणि मधेच भरवसा उडाला तर माणसाला स्वतः चावडीवर आणून हवाली करायचं आणि शिक्का काढून घ्यायचा. तीही वाट उघडी होती.

अशी ही पद्धत, साधी आणि शहाणी. पण माणसांनी तिची जत्रा करून टाकली होती. जामीन राहायला बोलावणं आलं म्हणजे मान मिळाला, असं गावाला वाटायला लागलं होतं. आरोपीच्या घरचे नारळ आणि फेटा घेऊन यायचे. ज्याला फेटे जास्त, तो मोठा माणूस. कशासाठी जामीन राहतोय, कोणासाठी राहतोय, हे विचारणं म्हणजे फेट्याचा अपमान.

या खुळात सगळ्यात पुढे होता बाळोजी. त्याचा तेलाचा घाणा होता, दारात बैल होता, आणि ओसरीवर खुंट्या होत्या. खुंट्यांवर सगळे जामिनाचे फेटे. पाहुणा आला की आधी खुंट्या दाखवायचा, मग पाणी विचारायचा. "आपण नाही म्हणतच नाही," तो म्हणायचा. "माणसाने मन मोठं ठेवावं." त्याच्या नशिबाने आजवर सगळे वेळेवर हजर झाले होते. त्याला वाटायचं, ही आपल्या नावाची जरब.

एकदा काय झालं, गावच्या देसायांची कडब्याची गंजी पेटली. उभ्या वर्षाचा चारा आणि शेजारच्या गोठ्याचं छप्पर घटकेत राख झालं. देसायांनी सरळ हैबतीचं नाव घेतलं. हैबती हा गवताने घरांची छपरं शाकारणारा तरुण गडी. नुकतंच लग्न झालेलं. आठवड्यापूर्वी भर बाजारात देसाई त्याला "छपरावरचा उंदीर" म्हणाले होते आणि हा सगळ्यांदेखत ओरडला होता, "तुमचंही छप्पर बघून घेतो एकदा!" आता असलं बोलल्यावर आग लागली तर लोक कोणाकडे बघणार? हवालदाराने हैबतीला नेऊन कोठडीत घातला.

हैबतीची बायको सगुणा नारळ-फेटा घेऊन बाळोजीकडे गेली. बाळोजीने फेटा हातात घेऊन कापड चोळून बघितलं.

"मी आहे म्हण," तो म्हणाला. "कधी आहे तारीख?"

"येत्या पौर्णिमेला."

"असो असो. कुठे लावायचा अंगठा?"

हैबतीने काय केलं म्हणतात, ते त्याने विचारलंच नाही. त्याने घाण्याची लाट जामिनाला लावली. लाट म्हणजे घाण्यातलं ते जाडजूड लाकूड, जे बैल फिरवतो आणि ज्याने तेल निघतं. त्या लाटेवर शिक्का बसला. बाळोजी नवा फेटा खुंटीला अडकवून जेवायला बसला.

सगुणा मग घाटावर आली. गोजरा होडीत बसून वल्ह्याला चिंधी गुंडाळत होती.

"आक्का, हैबतीला दुसरा जामीन हवाय. तुमच्याशिवाय कोण आहे मला?" सगुणाने फेटा पुढे केला.

"मी फेटा बांधू होय गं? आणि बाळोजीसारखी खुंटीला लावू?"

"फक्त अंगठा लावायचा, आक्का. बाकी काही नाही."

"फक्त अंगठा?" गोजराने वल्हं खाली ठेवलं. "अगं, माझा अंगठा तेवढा चावडीवर जाईल, पण पाण्यात बुडेल ती ही होडी. उठ, चल, मला त्याच्याशी बोलू दे. तो फेटा तुझ्या बापाला दे."

कोठडीच्या गजांबाहेर उभी राहून तिने हैबतीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय म्हणतात तुला? काय केलंस?"

"आग लावली म्हणतात, आक्का. मी नाही लावली. आईची शपथ."

"आईला मधे घेऊ नकोस, ती बिचारी केव्हाच गेली. लावली नाहीस?"

"नाही लावली."

"पौर्णिमेला इथे उभा राहशील?"

"राहीन."

"हे सगळेच म्हणतात. आता माझं ऐक. माझ्या होडीला फटींतून पाणी झिरपतं. रोज पहिली फेरी निघायच्या आधी ते उपसून काढावं लागतं. सुटल्यापासून पौर्णिमेपर्यंत ते काम तुझं. उजाडताना घाटावर यायचं, तुंबा घ्यायचा, होडी कोरडी करायची. मी तुझ्या दारात चौकशीला येणार नाही. होडी कोरडी दिसली की मला कळलं, तू आहेस. ओली दिसली की कळलं, तू नाहीस. कबूल?"

हैबती हसला. "एवढंच?"

"एवढंच. एक दिवस चुकलास तर मी रडत बसणार नाही, शोधायला निघेन."

ती चावडीवर गेली. हवालदार म्हणाला, "आक्का, दोघं जामीन आहात. काही झालं तर बाळोजी आहेच की."

"म्हणजे अर्धी होडी जाईल?"

हवालदार खाकरला. "नाही, तसं नाही. तुझी होडी पूर्ण आणि त्याची लाटही पूर्ण. वाटणी नसते यात."

"मग 'बाळोजी आहेच की' कशाला म्हणतोस? उगाच माणसाला गार वाटावं म्हणून? मार तुझा शिक्का." आणि होडीच्या टोकावर तांबडी लाख बसली.

रोज सकाळी हैबती यायचा. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्याने पाणी उपसायचा. गोजरा यायची तेव्हा होडीचा तळ कोरडा असायचा. कधी दोघं बोलायची, कधी नाही. एकदा तर त्याने न सांगता एका फटीत काथ्या ठोकून दिला. गोजरा म्हणाली, "बरा आहेस की रे. मग बाजारात असला बोंबलतोस कशाला?"

पौर्णिमा जवळ आली तसा हैबती घाबरायला लागला. चावडीवर नेमकं काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. बाळोजी एवढ्यांना जामीन राहिलाय, त्याला माहीत असेल, म्हणून तो पौर्णिमेच्या दोन दिवस आधी त्याच्याकडे गेला. बाळोजी बैलाला हाकत होता.

"दादा, परवा काय होईल माझं?"

बाळोजीला काय होतं ते माहीत नव्हतं. तो एकदाही चावडीवर शेवटपर्यंत बसला नव्हता. पण माहीत नाही असं म्हणेल तो बाळोजी कसला? "देसायांची गंजी म्हणजे साधी गोष्ट नाही बाबा," तो म्हणाला. "किल्ल्यावर पाठवतात म्हणे. तिथून कोणी परत आलेलं मी तरी पाहिलं नाही." आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून हसला. त्याच्या मते ती थट्टा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरा घाटावर आली. होडीत घोट्यापर्यंत पाणी. तुंबा जिथल्या तिथे, कोरडा.

तिने हाक मारली नाही. उतारूंना म्हणाली, "आज फेरी नाही," आणि थेट बाळोजीचं घर गाठलं.

"दादा, हैबती गेला."

बाळोजीने माशी हाकलल्यासारखा हात हलवला. "असेल कुठे शेताकडे. अजून आख्खा दिवस आहे. तू बोभाटा करू नकोस, गोजरा. माझं नाव खराब होईल."

"नाव गेलं खड्ड्यात. तुझी लाट जाईल."

"अर्धं नुकसान तुझं, अर्धं माझं. त्यात काय एवढं?"

"लाटेचा अर्धा ओंडका कापून देणार आहेस का त्यांना? दोघांचंही पूर्ण जातं! अंगठा लावताना कान कुठे ठेवले होतेस?"

बाळोजीचा चेहरा उतरला. मग त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "मी तर जरा गंमत केली होती त्याची. किल्ल्याची."

गोजराने ती गंमत काय होती ते त्याच्याकडून काढून घेतलं. मग म्हणाली, "चल माझ्याबरोबर. दोघं शोधू."

"माझा बैल सोडून?"

"बैल राहील रे. लाट राहणार नाही."

पण बाळोजी उठला नाही. गोजरा एकटी घाटावर आली. आता विचार करा, तिने काय करायला हवं होतं? चावडीवर जाऊन ओरडता आलं असतं. घरी बसून नशिबाला शिव्या देता आल्या असत्या. पण ती नदीकाठची बाई होती. तिने पाण्याचा विचार केला. अलीकडे हैबतीला सगळे ओळखतात, तो पलीकडेच पळणार. पण त्याला पोहता येत नाही. होडी त्याने नेलेली नाही. म्हणजे पलीकडे जायचं तर त्याला एकच जागा आहे, खालच्या अंगाचा खडकाळ उतार, जिथे पाणी कमरेएवढं असतं. पायवाट डोंगराला वळसा घालून जाते. नदी सरळ जाते. तिने पाणी उपसलं, भाकरी फडक्यात बांधली आणि होडी धारेला सोडली.

दुपारी ती उताराला पोचली. काठावर एक म्हातारा जाळं झटकत होता. हैबती अजून आला नव्हता. ती झाडाच्या सावलीत बसून राहिली. ऊन कलायला लागल्यावर पायवाटेने हैबती आला, धुळीने माखलेला. तिला बघून जागीच थिजला.

"आक्का... तुम्ही इथे कशा?"

"माझी होडी ओली होती."

हैबती खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला पलीकडे जाऊ द्या. तुमच्या पाया पडतो. मला किल्ल्यावर पाठवणार आहेत."

"कोण म्हणतं?"

"बाळोजीदादा."

"बाळोजी काय न्यायाधीशाच्या मांडीवर वाढलाय? त्याने आजवर चावडीचं दार तरी नीट बघितलंय का?" मग तिचा आवाज थोडा खाली आला. "पण मीही तुला काही सांगितलं नाही. रोज पाणी उपसायला लावलं आणि तिथे गेल्यावर काय होतं ते सांगायचं राहूनच गेलं. आता ऐक. तुझं नाव पुकारतील. तू 'हजर' म्हणशील. देसाई त्याचं सांगेल. साक्षीदार त्यांचं सांगतील. मग तुला विचारतील, आणि तुझं बोलणं पूर्ण होईपर्यंत कोणी तुला हात लावणार नाही. एवढंच होतं. तुला काय बोलायचंय?"

हैबतीने तोंडावरचे हात काढले.

"आक्का, मी खोटं बोललो. म्हणजे पूर्ण नाही. आग मी लावली नाही. पण त्या दुपारी गंजीच्या सावलीला बसून मी चिलीम ओढली होती. तिथेच झटकली. विझली असं वाटलं. ती माझीच ठिणगी असणार."

गोजरा उठली. तिचे डोळे असे झाले की जाळेवाल्या म्हाताऱ्याने झटकणं थांबवलं.

"मी गजांबाहेर उभी राहून तुला विचारलं होतं ना रे? तेव्हा तोंडात काय तंबाखू होती?"

"भीती वाटली. तुम्ही जामीन राहिला नसतात."

"ते मी ठरवलं असतं! माझी होडी, माझं ठरवणं. तू माझ्याकडून तेवढंही काढून घेतलंस."

हैबती मान खाली घालून म्हणाला, "मग आता मला चावडीवर देऊन टाका. शिक्का काढून घ्या. तुम्हाला तो हक्क आहे."

"आहेच. तुझ्या सांगण्याची वाट बघत नाही मी त्यासाठी."

म्हातारा मधेच म्हणाला, "बाई, माझ्याकडे दोर आहे. हात बांध त्याचे आणि ने. असल्यांचा काय भरवसा?"

गोजराने म्हाताऱ्याकडे बघितलं, मग त्या दोराकडे, मग हैबतीकडे.

"बाबा, बांधून न्यायला हवालदार आहे," ती म्हणाली. "मी जामीन आहे. पण दोर द्या, दोर लागेल."

आता हे समजून घ्या. धारेबरोबर खाली येणं सोपं. धारेच्या उलट वर जायचं तर वल्ह्याने भागत नाही. एकाने काठावरून दोर खांद्यावर घेऊन होडी ओढायची, आणि दुसऱ्याने आत बसून बांबूने तिला खडकांपासून लांब ठेवायची. गोजराने दोराचं एक टोक होडीला बांधलं आणि दुसरं हैबतीच्या हातात दिलं.

"हैबती, नीट बघ. मी होडीत असेन, पाण्यावर. तू काठावर असशील, मोकळा. दोर तुझ्या हातात. सोडून पळालास तर मी तुझ्यामागे धावू शकत नाही. होडी धारेला लागेल, खडकावर आपटेल, आणि मीही तिच्यात आहे. पण आधी एक ऐकून घे. तू पळालास तर तू आग लावणारा ठरशील आणि मी मूर्ख ठरेन. दोन्ही खोटं आहे. दोन खोट्या गोष्टी तू जगाला खऱ्या करून दाखवणार आहेस का?"

हैबतीने दोर खांद्यावर घेतला.

चालणं सोपं नव्हतं. काठावर काटे होते, चिखल होता, मधेच पाणी कमरेपर्यंत यायचं. एका ठिकाणी पायवाटेचा फाटा फुटला होता, सरळ डोंगराकडे जाणारा. तिथे हैबती थांबला. दोर सैल पडला. होडी मागे सरकायला लागली. गोजराने बांबू तळाला रोवला आणि जीव खाऊन धरून ठेवला. तिने हाक मारली नाही. विनवणी केली नाही. तिच्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या.

मग दोर परत ताणला गेला.

अंधार पडल्यावर त्यांनी होडी काठाला बांधली, भाकरी खाल्ली आणि उजाडताच दोघं पुन्हा निघाली.

इकडे धामणवाडीत पौर्णिमेची सकाळ झाली होती. चावडीसमोर गाव जमलं होतं. न्यायाधीश येऊन बसले होते. आणि बाळोजी काय करत होता? तो गोठ्यात घाण्याची लाट पेंढ्याखाली लपवत होता. हवालदाराने त्याला तिथेच गाठलं.

"शिक्का असलेली वस्तू लपवणं हा वेगळा गुन्हा होतो, बाळोजी. त्यासाठी आता तुलाच दोन जामीनदार लागतील. बोलव कुणाला तरी. फेटे आहेत ना भरपूर?"

बाळोजी चावडीसमोर आला तेव्हा त्याच्या केसांत पेंढा होता. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही हैबतीचे जामीन. तो कुठे आहे?"

"मला काय माहीत महाराज?"

"त्याच्यावर आरोप काय आहे, ते माहीत आहे?"

बाळोजीने डोकं खाजवलं. "काहीतरी... आगीचं."

"त्याला शेवटचं कधी पाहिलंत?"

"परवा. आला होता, विचारायला."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

बाळोजी केसांतला पेंढा काढू लागला. त्याच्या शेजारच्या म्हातारीने काल कुडाआडून सगळं ऐकलं होतं, ती मोठ्याने म्हणाली, "सांग की, किल्ल्याची गंमत!" आणि सगळे हसले. बाळोजीला मात्र हसू आलं नाही. त्याला लाट दिसत होती, बैल दिसत होता, आणि रिकामा पडलेला घाणा दिसत होता. पहिल्यांदाच त्याला कळलं की आपण आजवर नेमकं काय पणाला लावत होतो.

कारकुनाने नाव पुकारलं. "हैबती शाकारे!"

कोणी ओ दिली नाही.

पुन्हा पुकारलं. बाळोजी मटकन खाली बसला. देसाई मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पळालाच असणार. मी म्हणत होतो."

तेवढ्यात घाटाच्या बाजूला असलेली बायामाणसं बाजूला झाली. हैबती येत होता. कमरेपर्यंत ओला, पाय रक्ताळलेले, खांद्यावर दोराचा लाल वळ. त्याच्यामागे घाटावर होडी लागत होती आणि गोजरा तिच्यातून उतरत होती.

"हजर!" हैबती म्हणाला. आवाज फुटला, पण सगळ्यांना ऐकू आला.

मग रीतसर सगळं झालं. देसायांनी त्यांचं सांगितलं. साक्षीदारांनी बाजारातलं भांडण सांगितलं, पण आग लावताना कोणी पाहिलं नव्हतं. शेवटी न्यायाधीशांनी हैबतीला विचारलं. त्याने एकदा गोजराकडे बघितलं. तिने मान हलवली नाही की डोळ्याने खूण केली नाही. ते त्याचं त्याने करायचं होतं. आणि त्याने चिलमीचं सगळं सांगून टाकलं.

न्यायाधीशांनी विचार केला आणि निकाल दिला. मुद्दाम आग लावली हा आरोप खोटा. पण निष्काळजीपणा खरा. म्हणून हैबतीने देसायांचा जळालेला गोठा फुकट शाकारून द्यावा आणि पुढच्या हंगामात त्यांची गंजी स्वतः रचून द्यावी. "आणि," न्यायाधीश म्हणाले, "गंजीच्या आसपास चिलीम ओढताना दिसलास तर मात्र मी किल्ल्याचा विचार करीन." लोक हसले. या वेळी हैबतीसुद्धा हसला.

देसायांना मात्र राहवलं नाही. ते गोजराकडे वळले. "काय आक्का! ज्याच्यासाठी होडी लावलीस तो दोषीच निघाला की. पडलीस ना तोंडघशी?"

गोजराने पदराने हात पुसले. तिच्या तळहातांना बांबूने फोड आले होते.

"देसाई, तो देव आहे असं मी कधी म्हटलं होतं? मी म्हटलं होतं, तो येईल. आलाय. बघा, तुमच्यासमोर उभा आहे. तो चांगला की वाईट, ते ठरवायला हे बसलेत. त्यांचं काम मी कशाला करू?"

न्यायाधीशांनी हवालदाराला खूण केली. हवालदार घाटावर गेला आणि होडीच्या टोकावरची लाख त्याने हातोडीने टकटक करून उडवली. लाखेचा तांबडा तुकडा पाण्यात पडला आणि वाहून गेला. मग त्याने बाळोजीच्या लाटेवरचा शिक्काही काढला. हैबती आला होता, म्हणून लाट वाचली. बाळोजीची करामत काही नव्हती त्यात, हे बाळोजीलाही कळलं. लपवाछपवीबद्दल त्याला चावडीची झाडलोट करावी लागली ती वेगळी. त्या दिवशी घरी जाऊन त्याने खुंट्यांवरचे सगळे फेटे काढले आणि बायकोला म्हणाला, "यांच्या गोधड्या शिव."

गोजराचं नाव पंचक्रोशीत झालं. काही दिवसांनी पलीकडच्या गावातला एक श्रीमंत व्यापारी घाटावर आला. त्याच्या मुलाला मारामारीत पकडलं होतं. व्यापाऱ्याच्या अंगावर रेशमी उपरणं, आणि हातात चांदीचं तबक. तबकात नारळ, त्यावर जरीचा फेटा.

"गोजराबाई, तुमचा शब्द म्हणजे सोनं. मुलासाठी जामीन राहा. फक्त अंगठा लावायचाय."

गोजराने तबकाकडे बघितलंसुद्धा नाही. "कोणाला मारलं त्याने? का मारलं? पौर्णिमेपर्यंत राहणार कुठे?"

"अहो, असल्या चौकशा कशाला? घरंदाज मुलगा आहे."

"बरं. त्याला सांगा, रोज उजाडताना घाटावर यायचं आणि माझ्या होडीतलं पाणी उपसायचं."

व्यापारी ताठ झाला. "माझा मुलगा? पाणी उपसायचा?"

"मग दुसरी होडी बघा," गोजरा म्हणाली. तिने दोर सोडला आणि वल्हं पाण्यात घातलं.

नदीला दुसरी होडी नव्हती. व्यापारी संध्याकाळपर्यंत घाटावर उभा होता. शेवटच्या फेरीला गोजराने त्याला पलीकडे सोडलं. अर्ध्या नदीत तो हळूच म्हणाला, "मुलगा धामणवाडीत त्याच्या मावशीकडे राहील. किती वाजता पाठवू त्याला?"

"उजाडताना म्हटलं ना," गोजरा म्हणाली. "आणि येताना रेशमी कपडे घालून येऊ नको म्हणावं. भिजतील."

तात्पर्य: जामीन राहणं म्हणजे मान घेणं नव्हे, माणूस वेळेवर हजर करायची जबाबदारी घेणं आहे. म्हणून अंगठा लावायच्या आधी सगळं विचारा, आणि लावल्यावर त्या माणसावरची नजर काढू नका. जमत नसेल तर तोंडावर नाही म्हणा, त्यात कसलीही लाज नाही.